नियमित क्रियापदांचा मास्तर

मास्तर सगळ्यात जास्त तुच्छ मानायचा तो "मला थोडंसं स्पॅनिश येतं" असं म्हणणाऱ्या माणसाला. थोडंसं म्हणजे किती, हे तो लगेच विचारायचा. समोरचा हसून 'ओला' आणि 'ग्रासिआस', म्हणजे नमस्कार आणि आभार, एवढं बोलून थांबला, की मास्तर त्याच्याकडे चपलेला चिकटलेल्या च्युइंगगमकडे बघावं तसं बघायचा आणि म्हणायचा, "हे स्पॅनिश नाही. ही हजेरी झाली."

दिवसा तो चष्म्याच्या दुकानात, मागच्या अरुंद खोलीत भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी. पुढे येणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल त्याचं मत ठरलेलं होतं. कुणाला जवळचं दिसत नाही, कुणाला लांबचं. समजत दोघांनाही नाही. संध्याकाळी तो हात धुऊन, शर्टाची बाही खाली करून कोपऱ्यावरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात जाई आणि लाकडी जिन्यानं वरच्या खोलीत चढे. तिथे त्याचा वर्ग भरे. खालून इस्त्रीची वाफ येई, फरशी पायाला कोमट लागे, आणि भिंतीवरच्या फळ्याला सदा दमट वास असे. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर परदेशी नोकरीला निघालेल्या नर्स, बोटीवर जाणारे स्वयंपाकी, आणि वेळ कुठे घालवावा हे न कळणारे दोनचार निवृत्त लोक बसलेले असत. त्यातला एकही जण या भाषेच्या लायकीचा नाही, अशी मास्तरची खात्री होती. मात्र ही खात्री तो पहिल्या दिवशी सांगत नसे. दुसऱ्या दिवशी सांगे.

"क्रियापदाला शेपूट असतं," तो खडू उचलून सुरू करी. "आर, एर, नाहीतर ईर. चौथं नाही. आधी शेपूट कापा. उरतं ते मूळ. मग माणूस बघून त्याला नवं शेपूट लावा. एवढं ज्याला जमत नाही त्यानं खाली जाऊन कपडे धुवायला टाकावेत आणि घरी जावं."

मग तो फळ्यावर 'आब्लार' लिही. आब्लार म्हणजे बोलणं. आर कापला, आब्ल उरला. मी बोलतो, आब्लो. तू बोलतोस, आब्लास. तो बोलतो, आब्ला. आम्ही, आब्लामोस. तुम्ही, आब्लाइस. ते, आब्लान. खाण्याचं 'कोमेर' आलं की आ जाऊन ए येई: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. आणि राहण्याचं 'बिबीर' हे कोमेरचं सख्खं भावंडच. सगळी शेपटं तीच, फक्त 'आम्ही' आणि 'तुम्ही' आले की वेगळी चूल मांडणार: बिबीमोस, बिबीस. हे सांगताना मास्तरचा आवाज मऊ होई. जगात इतकं सरळ दुसरं काही त्यानं पाहिलं नव्हतं. कर्ता बोलून दाखवायचीही गरज नाही. शेपटावरूनच कळतं कोण बोलतंय, उगाच 'मी, मी' करत मिरवायला नको.

विद्यार्थी पाठीमागे त्याला 'आर-एर-ईर' म्हणत. त्याला ते माहीत होतं. निदान क्रम बरोबर आहे, एवढंच त्याचं त्यावरचं म्हणणं होतं.

हा वर्ग संपला की पुढचा वर्ग नसे. नियमित क्रियापदं, वर्तमानकाळ, इथे मास्तरचं स्पॅनिश थांबे. कुणी विचारलंच, "सर, पुढे?" तर तो म्हणे, "पुढे अंदाधुंदी आहे." अनियमित क्रियापदांचा त्याला राग होता. असणं, जाणं, येणं, देणं, ज्यांच्यावाचून चालत नाही ती सगळी क्रियापदं वाकडी. "रांग मोडून पुढे घुसणारी माणसं बघितलीत ना? सगळ्यांच्या ओळखीची असतात म्हणून त्यांना कुणी अडवत नाही. तशी ही. माझ्या वर्गात त्यांना जागा नाही." भूतकाळाबद्दल तर तो बोलतही नसे. ज्यांना आज काही काम नसतं ते काल काय झालं ते सांगत बसतात, असं एकदा म्हणाला होता.

आता खरं काय ते सांगायला हवं. तरुणपणी मास्तरनं स्पॅनिशची पहिली परीक्षा दिली होती आणि तीत तो पहिला आला होता. दुसऱ्या परीक्षेच्या तोंडीला समोर एक परीक्षक बाई बसल्या होत्या, जन्मापासून ती भाषा बोलणाऱ्या. त्यांनी साधं विचारलं, काल काय केलंत? मास्तरला प्रश्न कळला. उत्तरही ठाऊक होतं. पण जिभेवर आली ती पाठ केलेली शेपटं, आणि तो म्हणाला, "मी अभ्यास करतो. मी वाचतो. मी लिहितो." बाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत. लहान मूल पहिल्यांदा बूट उलटे घालून आलं की हसतो तशा हसल्या. मास्तर उठला, खुर्ची जागेवर सारली आणि जो बाहेर पडला तो त्या परीक्षेकडे परत फिरकला नाही. त्या हसण्यानंतर त्यानं ठरवून टाकलं की जे आपल्याला येत नाही ते येण्याच्या लायकीचंच नाही. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात. मास्तरनं आयुष्यभर काळजी घेतली ती एवढीच, की आसपास वासरंच राहतील.

त्याचं लग्न झालं नव्हतं. जमलं नाही, असं लोक म्हणत. जमवलं नाही, असं तो म्हणे. घरात तो आणि त्याची थोरली बहीण, अशी दोनच माणसं. ताई विधवा होती. रुग्णालयाच्या कपडेखोलीत फाटक्या चादरी आणि उसवलेले गाऊन शिवण्यात तिची सगळी नोकरी सरली. आई लवकर गेली तेव्हा याला तिनंच वाढवलं, याचे शर्ट धुतले, डबे भरले. त्याबद्दल मास्तरच्या मनात काही असेल तर ते कधी बाहेर आलं नाही. बाहेर यायचं ते हेच, की ताईला बोलता येत नाही. ती "ते हे आण रे, त्या ह्याच्यावरचं" असं म्हणे, आणि मास्तर जागचा हलत नसे. "नाम सांग," तो म्हणे. "वस्तूला नाव असतं." ताई मग स्वतः उठून ते हे घेऊन येई.

ताईची मुलगी, म्हणजे मास्तरची भाची, लग्न करून स्पॅनिश बोलणाऱ्या देशात गेली होती. तिचा नवरा तिथलाच. त्यांचं पोर चालायला लागलं, बोलायला लागलं, आणि बोलायला लागलं ते बापाच्या भाषेत. रविवारी सकाळी फोनवर चेहरा दिसे. ताई इकडून "माझं बाळ ते, माझं सोनं" करी, आणि बाळ तिकडून काहीतरी विचारी. उत्तर मिळालं नाही की ते फोनसमोरून निघून जाई. मग नुसती रिकामी खुर्ची दिसत राही, आणि ताई त्या खुर्चीकडे बघत बसे.

एका रविवारी फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मला शिकव ना रे ते."

"काय?"

"तुझं ते. स्पॅनिश. सगळ्या जगाला शिकवतोस."

"तुला स्वतःच्या भाषेत फडक्याला फडकं म्हणता येत नाही, ताई."

"म्हणून तर. नव्यानं शिकेन ना." ती हसून म्हणाली. तिला त्याच्या बोलण्याचं वाईट वाटत नसे, निदान दिसत नसे, आणि मास्तरला याचाच जास्त राग येई.

ती वर्गात आली. पर्स मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली. मास्तरनं तिला ओळख दिली नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यानं तिला उभं केलं. "कोमेर. चालवा."

"कोमो," ताई म्हणाली.

"बरोबर. तू?"

"तू कोमो."

"चूक. तो?"

"तो कोमो. ते पण कोमो." तिला वाटलं जमलं.

"सगळ्यांना एकच?"

"सगळेच खातात ना रे," ताई म्हणाली.

वर्ग हसला. हसणं चांगलं होतं, मागचा एक स्वयंपाकी तर मान डोलावत म्हणाला, "खरं आहे आजी." पण मास्तरला ती खुर्ची सारून उठलेली जुनी दुपार आठवली असावी, किंवा नसेलही. तो खडू ठेवून वर्गाकडे वळला. "काही डोकी अशी असतात," तो शांतपणे म्हणाला, "की त्यांना शेपूट लावलं तरी गळून पडतं. यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या चादरींना ठिगळं लावली. ठिगळाचीच अक्कल. भाषेला ठिगळ चालत नाही."

खालच्या इस्त्रीचा फुस्स आवाज तेवढा ऐकू आला. ताई उभीच होती. ती रागावली नाही, रडली नाही. पर्सचा बंद नीट करत तिनं विचारलं, "मला एवढंच सांग. 'मी आजी आहे' कसं म्हणायचं?"

"ते क्रियापद अनियमित आहे. इथे शिकवत नाही."

"आणि 'मी नर्स आहे', सर?" मागून एका नर्सनं विचारलं. "तिकडे गेल्यावर आधी तेच सांगावं लागेल."

"सांगू नका. 'काम करते' म्हणा. त्राबाहो. नियमित आहे."

"पण कोण आहे ते नको का सांगायला?"

"कामावरून कळतं," मास्तर म्हणाला आणि फळा पुसायला लागला.

ताई त्या दिवशी वर्ग संपेपर्यंत बसली. घरी आल्यावर तिनं स्वयंपाक केला, त्याला वाढलं, त्याच्या शर्टाचं निघालेलं बटण लावून दिलं. वर्गात मात्र पुन्हा आली नाही. मास्तरनं याचा अर्थ असा काढला की पालथ्या घड्यावर पाणी, आणि विषय मिटला.

पण विषय मिटला नव्हता. रविवारी ताईनं फोनसमोर कांदा धरला. पोर म्हणालं, "सेबोया." ताई म्हणाली, "सेबोया." मग चप्पल धरली, मग गाळणी, मग स्वतःचं नाक. पोराला हा खेळ भलताच आवडला. आता ते खुर्चीवरून उठत नसे. तेही तिकडून आपला डबा, आपली गाडी, आपला फाटका मोजा दाखवी, आणि ताई चुकली की पोट धरून हसे. पुढे पुढे ताई वाक्यं बोलायला लागली. ती वाक्यं अशी असत की मास्तर शेजारच्या खोलीत दात आवळून बसे. क्रियापद ती शेपूट न कापताच वापरी, 'मी' च्या जागी 'तो' घाली, आठवलं नाही तिथे मराठी शब्द ठोकून देई. आणि पोर त्याला उत्तर देई. ह्याचंच मास्तरला सगळ्यात वैषम्य वाटे. चुकीच्या वाक्याला कुणी उत्तर दिलंच नसतं तर दोघंही सुधारली असती.

एकदा ती आनंदून त्याच्या खोलीत आली. "अरे, मिळालं मला. 'सोय आबुएला'. मी आजी आहे. सोय म्हणजे आहे. बघ, किती सोयीचं."

"गैरसोय आहे ती," मास्तर म्हणाला. "मूळ क्रियापद कुठलं ते रूपावरून ओळखूसुद्धा येत नाही. आणि तुला ते पोरानं शिकवलं. अजून नाक पुसता येत नाही त्याला."

"नाक पुसता येत नाही, पण बोलता येतं," ताई म्हणाली आणि परत गेली.

मग तो रविवार आला. फोन चालू होता आणि दारावर कुणीतरी आलं. ताईनं फोन मास्तरच्या हातात कोंबला. "धर जरा. मी आलेच. बोल त्याच्याशी, तुला तर सगळं येतं."

मास्तरनं फोन नाकासमोर सरळ धरला. पडद्यावर पोराचे मोठे डोळे आले. पोरानं विचारलं, "किएन एरेस?" कोण आहेस तू?

वीसेक वर्षं शिकवून पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याशी आपणहून स्पॅनिशमध्ये बोललं होतं. मास्तरनं घसा साफ केला आणि आपलं नाव सांगितलं. "मे यामो" म्हणून सुरुवात, उच्चार लखलखीत.

"नाव नाही," पोर म्हणालं. "कोण आहेस?"

"एन्सेन्यो एस्पान्योल," मास्तर म्हणाला. मी स्पॅनिश शिकवतो.

"आणि कोण आहेस?"

"बीबो आकी." मी इथे राहतो. त्यात एकही चूक नव्हती. 'सोय' म्हटलं असतं की संपलं असतं. तो शब्द त्याला माहीत नव्हता थोडाच. दर रविवारी शेजारच्या खोलीतून ऐकू येत होता. पण तो तोंडाशी आला आणि मास्तरला आपण रांग मोडतोय असं वाटलं. त्यानं तो गिळला. पोरानं मान वळवून आईला हाक मारली आणि सांगितलं, "आई, आजीच्या घरात एक माणूस आहे. तो कोण आहे ते त्याला माहीत नाही."

तिकडे भाची हसली. इकडे ताई दारातून परत आली, तिनंही ऐकलं. मास्तरनं फोन तिच्या हातात दिला. "पोराला वळण नाही," तो म्हणाला. "मोठ्या माणसाला 'एरेस' म्हणतात का? मानाचं रूप वेगळं असतं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ताईनं जेवताना सांगितलं, "मुलगी म्हणतेय ये. कायमची. मी जाते."

मास्तर घास चावत राहिला. मग म्हणाला, "तिकडे बाजारात काय बोलशील?"

"बोलेन काहीतरी. लोक घेतात समजून."

"लोक समजून घेतात म्हणूनच भाषा बिघडते."

ताईनं पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. "तू रे? तू कुणाशी बोलतोस स्पॅनिशमध्ये?"

"मी शिकवतो."

"हो. पण बोलतोस कुणाशी?"

मास्तरला या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, म्हणून त्यानं तो मूर्खपणाचा ठरवला आणि हात धुवायला उठला.

विमानतळावर तो तिला सोडायला गेला. बॅगा त्यानंच ओढल्या, यात त्याची चूक काढता येणार नाही. रांगेत त्यांच्या पुढे एक म्हातारी बाई होती, तिकडचीच, गुडघ्याला पट्टा बांधलेली. ताईनं तिच्याकडे बघून आपल्या गुडघ्याकडे बोट केलं आणि आपलं ते ठिगळाठिगळाचं स्पॅनिश सुरू केलं. मलाही दुखणं, जिना चढणं नाही, नातू असणं. मास्तरचं कपाळ तापलं. तो मध्येच म्हणाला, "ती म्हणते आहे की—" आणि पूर्ण, नियमित, निर्दोष वाक्य त्या बाईला ऐकवलं. बाईनं त्याच्याकडे सभ्यपणे बघितलं, मान हलवली, आणि परत ताईकडे वळून तिच्याच वाक्याला उत्तर दिलं. पुढे सुरक्षा तपासणीपर्यंत त्या दोघी एकमेकींचा हात धरूनच गेल्या. ताईनं वळून हात केला. मास्तरनंही केला, पण तेव्हा मध्ये एक जाडा माणूस आला होता.

घर रिकामं झालं. आता वस्तूला नाव नसलं तरी आणून देणारं कुणी नव्हतं, आणि नाव असलं तरी नव्हतं. मास्तर स्वतः स्वयंपाक करायला लागला. तो बेचव होई, आणि दोष तो भाजीला देई. वर्ग चालूच राहिला. ती नर्स मध्येच सोडून दुसऱ्या कुणाकडे गेली. मास्तर म्हणाला, अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाली. मागच्या रांगेतला स्वयंपाकी बोटीवर रुजू झाला आणि त्यानं कळवलं की सगळं ठीक आहे, फक्त लोक विचारतात तू इतका औपचारिक का बोलतोस. मास्तरला हे कौतुक वाटलं.

बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी ताईचा फोन आला. पडद्यावर पोर होतं. उंच झालेलं, पुढचे दोन दात पडलेले. आणि ते मराठीत बोललं. "मामाआजोबा, मी जेवते. मग मी शाळेत जाते."

मास्तरनं डोळे बारीक केले. पोर आजीचं ऐकून शिकलं होतं. आजी जशी स्वतःबद्दल बोलते, तसंच्या तसं.

"जेवतो," मास्तर म्हणाला. "तू मुलगा आहेस. मुलगा 'जेवतो' म्हणतो."

"आजी म्हणते 'जेवते'."

"आजीनं म्हटलं तर बरोबर. तू म्हटलंस तर चूक."

"दोघं 'मी' म्हणतो," पोर म्हणालं.

"हो. 'मी' एकच, पण शेपूट वेगळं. नीट ऐक." मास्तर खुर्चीत पुढे सरकला. वर्गात येई तसा त्याचा आवाज मऊ झाला. स्पॅनिशमध्ये बाई असो की बुवा, आब्लो ते आब्लो. मराठीत तसं नाही, इथे बोलणारा कोण ते शेपटाला सांगावं लागतं. तो, ती, ते. जेवतो, जेवते, जेवतं. तो समजावत गेला, एकेक रूप सुटं करून. पडद्यावर आता पांढरं छत आणि एक दिवा होता. फोन टेबलावर पालथा... नाही, उताणा पडला होता. मास्तर छताला शिकवत होता, आणि हे लक्षात येऊनही त्यानं अनेकवचन पूर्ण केलं.

मग ताईचा चेहरा आला, उलटा, मग सुलटा. "अरे, तो गेला कधीच. बूट घालतोय. तू बरा आहेस ना?"

"त्याचं मराठी भिकार आहे," मास्तर म्हणाला.

"माझ्याकडून शिकलाय."

"ते कळलंच." त्यानं घड्याळ बघितलं. दुकानात जायची वेळ होत आली होती, आणि तरी त्यानं फोन ठेवला नाही. "पुढच्या रविवारी त्याला बसव समोर. बूट काढून. तुझ्यावर सोडलं तर जन्मभर बाईसारखं बोलेल."

"बसवते," ताई म्हणाली. "पण तू त्याला रागावू नकोस हं."

"मी रागवत नाही. मी शिकवतो," मास्तर म्हणाला, आणि ताई काही बोलायच्या आत फोन बंद करून बाही खाली करायला लागला.